वाचक विचारतात: पिल्लू समुद्रातलं, मासा नदीतला, मग त्याचं गाव कुठलं?

मागच्या अंकात हवाई बेटांवरच्या ओओपू माशांबद्दल लिहिलं होतं. म्हणजे ओढ्यात राहणारे गोबी, पोटाखालच्या चकतीनं खडकाला चिकटून धबधबे चढून जातात, पण त्यांची पिल्लं मात्र समुद्रात वाढतात. त्यावर ढीगभर प्रश्न आले आणि गंमत म्हणजे बहुतेकांना एकच गोष्ट खटकली होती, की समुद्रातून परत येणारं पिल्लू नक्की कुठल्या नदीचं धरायचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, सॅल्मन मासा जिथे जन्मला त्याच नदीत परत येतो असं शाळेत शिकलो होतो. हे ओओपूपण तसंच करतात का? (सातारा)

नाही हो. सॅल्मन नदी सोडतो तोपर्यंत चांगला पोहणारा झालेला असतो आणि नदीचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. ओओपूचं सगळं त्याच्या आधीच होतं. ओओपूची नोपिली जात घ्या किंवा अलामोओ जात घ्या, मादी दगडाखाली अंडी चिकटवते, नर राखण करतो, एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि बाहेर येतो तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पारदर्शक जीव, ज्याला धड तोंड नाही, फक्त थोडा बलक आहे. तो ओढ्याच्या धारेबरोबर खाली वाहत जातो आणि बलक संपायच्या आत, म्हणजे मोजक्या दिवसांत, खारं पाणी गाठलं नाही तर खलास. एवढ्याशा जिवाला नदीचा वास वगैरे लक्षात ठेवायला वेळ कुठला!

मग समुद्रात मुक्काम. जातीप्रमाणे दोन-तीन महिन्यांपासून पाच-सहा महिन्यांपर्यंत. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आणि पॅसिफिकमध्येही सापडणारा त्यांचा भाऊबंद सिसिओप्टेरस लॅगोसेफॅलस, त्याची काही पिल्लं तर आठ महिन्यांच्या वर समुद्रात काढतात. एवढ्या काळात प्रवाह कुठल्या कुठे नेऊ शकतात. परत येताना पिल्लू गोड्या पाण्याकडे वळतं हे खरं, पण ते गोडं पाणी त्याच्या आईबापाच्या ओढ्याचंच असलं पाहिजे असं काही नाही. समोर जी नदी आली ती आपली.

आणि जनुकांतही तेच दिसलं. १९९६ मध्ये हवाईच्या ओढ्यांतल्या गोबींचा मायटोकॉन्ड्रियल (फक्त आईकडून येणारा) डीएनए तपासलेला अभ्यास आला, त्यात बेटागणिक वेगळे गट दिसलेच नाहीत. कवाई बेट आणि हवाईचं मोठं बेट यांच्यात जवळपास पाचशे किलोमीटर समुद्र आहे, तरीही. साध्या नदीतल्या माशांमध्ये शेजारच्या दोन खोऱ्यांतसुद्धा फरक सापडतो, त्यामुळे हा निकाल तेव्हा बोलका होता. अशा माशांना अँफिड्रोमस म्हणतात, अंडी नदीत, पिल्लं समुद्रात, वाढ आणि पुढची अंडी परत नदीत.

प्रश्न: मी एमएस्सी झूलॉजीला आहे. प्रोजेक्टमध्ये अशाच माशांचे पेपर वाचतेय. एफएसटी शून्याजवळ आला की "सगळ्या नद्यांचं मिळून एकच पॉप्युलेशन, भरपूर देवाणघेवाण" असं लिहिलं तर चालेल ना? गाइड म्हणतात चालेल. (पुणे)

गाइडशी भांडण लावून द्यायचं नाहीये मला, पण पहिला अर्धा भाग लिही, दुसऱ्या अर्ध्याला जरा दम धर.

एफएसटी म्हणजे दोन नद्यांतल्या माशांमध्ये जनुकीय फरक किती त्याचा आकडा, शून्य म्हणजे फरक नाही, एक म्हणजे पूर्ण वेगळे. जनुकशास्त्रज्ञ स्युअल राइट यांचं जुनं सूत्र तुला पाठ असेलच, एफएसटी बरोबर एक भागिले (चार एनएम अधिक एक). यातलं एनएम म्हणजे दर पिढीला बाहेरून येऊन इथे स्थायिक होऊन पिल्लं घालणाऱ्या माशांची संख्या. टक्के नाहीत, संख्या. इथेच सगळे घसरतात. आता आकडे घालून बघ. दर पिढीला एक पाहुणा आला तर एफएसटी येतो ०.२, दहा आले तर साधारण ०.०२४, आणि हजार आले तर ०.०००२५. म्हणजे एकावरून दहावर गेलं की आकडा धाडकन पडतो आणि तिथून पुढे दहा असोत की हजार, सगळं शून्याच्या आसपासच, तुझ्या तीस-चाळीस नमुन्यांत तो फरक हातालाच लागणार नाही. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही होतं, तसं थोडे पाहुणेही जनुकं एकसारखी ठेवायला पुरतात.

पण नदी भरायला ते पुरत नाहीत! ओढ्यात दहा हजार मासे असतील आणि त्यातले दहाच बाहेरचे असतील, तर जनुकांच्या हिशोबानं "एकच पॉप्युलेशन" आणि माशांच्या संख्येच्या हिशोबानं जवळजवळ स्वतंत्र ओढा. उद्या तिथले मासे संपले तर दर पिढीला येणारे दहा पाहुणे तो कधी भरणार? म्हणून मी म्हणते की जनुकीय एकसारखेपणा बघून "पिल्लं भरपूर दूर जातात" असं लिहू नये, "अनेक पिढ्यांत मिळून पुरेशी जातात" एवढंच लिहावं. हा फरक बारीक वाटतो, पण पुढे धरणाचा प्रश्न आलाय त्यात तो कसा अंगावर येतो बघ.

अजून दोन गोष्टी. एक, ते सूत्र पाहुण्यांमुळे पुसला जाणारा फरक आणि आपोआप साठणारा फरक यांचा समतोल झालाय असं धरून चालतं. पॉप्युलेशन प्रचंड मोठं असेल तर दोन नद्या तुटल्या तरी फरक साठायला हजारो पिढ्या लागतात, तेव्हा आज दिसणारा शून्य हा जुन्या काळचा वारसाही असू शकतो. दोन, कधीकधी उलटं होतं, एकाच नदीत ह्या वर्षी आलेली पिल्लं आणि पुढच्या वर्षी आलेली पिल्लं यांच्यातच फरक दिसतो आणि नकाशावर त्याला काही आगापिछा नसतो, कारण लाखो अंड्यांतून एखाद्या वर्षी मोजक्याच जोड्यांची पिल्लं वाचतात. असं दिसलं की लगेच नवीन स्टॉक, म्हणजे माशांचा वेगळा गट, सापडला म्हणून उड्या मारायच्या नाहीत, वेगवेगळ्या वर्षांचे नमुने आहेत का ते आधी बघायचं. आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्याला हे सूत्र जसंच्या तसं लावू नकोस, व्हायवाला हमखास विचारतात.

प्रश्न: एखादा मासा लहानपणी समुद्रात गेला होता की नाही हे मोठेपणी कसं कळतं? कोणी त्याच्या मागे थोडंच गेलं होतं! (नाशिक)

कानातल्या दगडावरून. माशाच्या डोक्यात आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात, ओटोलिथ, आणि पिल्लू असताना त्यावर रोज एक थर चढतो. हे थर विरघळत नाहीत, बदलत नाहीत, मासा मरेपर्यंत तसेच राहतात. खडा काढायचा, काचेवर चिकटवायचा, बारीक पॉलिश पेपरवर घासत घासत बरोबर मधल्या ठिपक्यापर्यंत आणायचा (जास्त घासलं की गेला, परत दुसरा मासा), मग मायक्रोस्कोपखाली वर्तुळं मोजायची. मधून बाहेर जाताना एका जागी ठळक रेघ दिसते, ती नदीत परत शिरल्याची. मधल्या ठिपक्यापासून त्या रेघेपर्यंतची वर्तुळं म्हणजे तेवढे दिवस समुद्रात. वर जे महिने सांगितले ते असेच मोजलेले आहेत.

मग लेझरनं त्याच रेषेवर मधून काठापर्यंत चरा पाडत जायचं आणि उडालेल्या धुळीत स्ट्रॉन्शियम मोजायचं. समुद्रात स्ट्रॉन्शियम जास्त, नदीत सहसा कमी, बेरियमचं उलटं. त्यामुळे समुद्रात राहून आलेल्या माशाचा आलेख मधे उंच आणि नंतर धपकन खाली.

आता यात गंमत झाली. हवाईच्याच नाकेआ जातीच्या माशांचे असे खडे तपासले तर त्यातल्या बऱ्याच माशांमध्ये तो उंचवटाच नव्हता. म्हणजे हे महाशय समुद्रात गेलेच नव्हते, लहानपणही गोड्या पाण्यातच काढलेलं. पुस्तकात "समुद्रात जाणारी जात" म्हणून नोंद आणि घरचे निम्मेअधिक आळशी म्हणा ना! २०१४ मध्ये हे छापून आलं. डीएनएवरून हे कधीच कळलं नसतं, कारण जाणारे आणि न जाणारे एकाच ओढ्यात एकमेकांशी जोड्या जमवतात. जनुकं पिढ्यांचा हिशोब सांगतात, खडा एकेका माशाचा. मला विचाराल तर दोन्ही असल्याशिवाय या माशांबद्दल छातीठोक बोलू नये.

प्रश्न: सगळ्या बेटांवर जनुकं सारखी म्हणता, मग तुम्हीच मागच्या अंकात कवाईचे नोपिली आणि मोठ्या बेटाचे नोपिली अंगानं वेगळे असतात असं का लिहिलंत? (ठाणे, आणि जवळजवळ हाच प्रश्न नागपूरहून)

दोन्ही खरं आहे, आणि मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

कवाई बेट जुनं आहे, झिजलेलं, तिथे ओढा समुद्राला मिळायच्या आधी बरंच अंतर संथ वाहतो आणि त्या संथ पाण्यात अकुपा नावाचा शिकारी मासा दबा धरून असतो. त्याला धबधबा चढता येत नाही म्हणून तो खालीच थांबतो आणि येणारी पिल्लं गिळतो. मोठं बेट तरुण आहे, ज्वालामुखी अजून जागे आहेत, कडे ताजे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी धबधबा समुद्राच्या अगदी जवळ. तिथे पिल्लाला आल्या आल्या भिंत चढायची असते. नोपिलीची चढाई म्हणजे एकदा तोंडानं खडक धरायचा, एकदा पोटाच्या चकतीनं, असं इंच इंच. (समुद्रातून आल्यावर दोनेक दिवसांत त्याचं तोंड पुढून सरकून खालच्या बाजूला येतं, त्यानंतरच हे जमतं.)

तर कवाईवर वाचतात ती उंच अंगाची पिल्लं, झटकन वळून पळणारी. मोठ्या बेटावर वाचतात ती सडपातळ, पाण्याच्या माऱ्यात टिकणारी. आलेली पिल्लं सरमिसळच असतात, पण प्रत्येक ओढा आपापली चाळणी लावतो आणि बाकीची मरतात. पुढच्या पिढीची पिल्लं परत समुद्रात मिसळतात, परत चाळणी. साध्या मार्करवर, म्हणजे तुलनेसाठी निवडलेल्या डीएनएच्या जागांवर, बेटांमध्ये फरक दिसत नाही, पण ज्या जागांवर निवडीचा दाब आहे असं वाटतं त्या जागांवर दिसतो, हे २०१५ च्या अभ्यासात आलं. म्हणून बारा मायक्रोसॅटेलाइट (असेच साधे मार्कर) बघून "काही फरक नाही" म्हणून फाइल बंद करणाऱ्यांनी जरा थांबावं. (पुण्याच्या ताई, ऐकताय ना?)

प्रश्न: आम्ही ऑकलंडला असतो. इथे वसंतात व्हाइटबेट मिळतो, अंड्यात घालून फ्रिटर करतात, आम्ही हिरवी मिरची-कोथिंबीर घालतो. ते पण असेच समुद्रातून आलेले का? आणि एका फ्रिटरमध्ये किती नद्यांचे मासे असतील?

हो ताई, तीच गोष्ट, फक्त माशाचं घराणं वेगळं. न्यूझीलंडचा व्हाइटबेट म्हणजे मुख्यतः गॅलॅक्सियस घराण्यातल्या पाच जातींची समुद्रातून परतणारी पिल्लं, त्यात सगळ्यात जास्त इनांगा. इनांगाची मादी मोठ्या भरतीला नदीच्या मुखाजवळच्या काठावरच्या गवतात अंडी घालते, पाणी ओसरतं, अंडी गवताच्या मुळाशी ओलाव्यात पडून राहतात आणि पुढच्या मोठ्या भरतीचं पाणी आलं की फुटतात. तो काठ गुरांनी तुडवला की संपलं.

तुमच्या फ्रिटरमध्ये नद्यांची खिचडी असणार हे नक्की धरा, किती नद्या ते मात्र कोणी तळून सांगू शकत नाही. देशभरातल्या इनांगात जनुकीय फरक थोडाच दिसतो. पण हाच इनांगा टास्मानियात आणि चिलीतही आहे, आणि तिथवर गेलं की फरक स्पष्ट दिसतो. एकेकाळी जोरात वाद होता की हे मासे गोंडवाना हा दक्षिणेकडचा प्राचीन महाखंड फुटला तेव्हापासून वेगळे झालेत की समुद्रातून पोहत-वाहत पसरलेत. फरक मोजल्यावर तो खंड फुटण्याच्या काळाच्या मानानं फारच थोडा निघाला, म्हणजे समुद्रमार्गे पसरण्याची बाजू जड झाली.

आता याची दुसरी बाजू तुमच्याच देशात, साउथ आयलंडवर ओटॅगोमध्ये. तिथल्या काही गॅलॅक्सियसच्या पूर्वजांनी समुद्रात जाणं सोडलं, आणि झालं काय, की एकेका खोऱ्यात मासे वेगळे पडत गेले, इतके की आज त्यांना वेगवेगळ्या जाती मानतात. १९९३ मध्ये समुद्रात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या जातींची शेजारी शेजारी तुलना झाली होती, त्यातही हेच, न जाणाऱ्यांच्या नद्यांमध्ये फरक कितीतरी जास्त. आणि एके ठिकाणी तर माणसानं पाणी वळवल्यामुळे दोन खोऱ्यांतल्या वेगळ्या जाती परत एकत्र आल्या आणि संकर झाला. पाट काढताना असलं काही कोणाच्या मनात तरी असेल का!

व्हाइटबेटचा सीझन आता १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर एवढाच आहे, माहिती असेलच. मिरची घातलेला फ्रिटर मलाही चालेल.

प्रश्न: आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, शेतात येतात, आम्ही पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन जायचो. हे पण समुद्रातूनच येतात ना? (रायगड)

नाही, वलगण वेगळी. ते नदीतलेच मोठे मासे असतात, पोटात गाभोळी घेऊन, पुराच्या उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात. ओओपू किंवा व्हाइटबेट चढतात ती नखाएवढी-बोटाएवढी पिल्लं असतात, अंडी-बिंडी अजून लांब. बाकी ओओपूचा भाऊबंद आपल्या बाजूलाही आहे, सिसिओप्टेरस ग्रिसियस, कर्नाटक-केरळच्या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांत.

प्रश्न: आणि वाम? तीपण समुद्रात जाते म्हणतात. (सांगली)

काटेरी पाठीची वाम नाही, गुळगुळीत लांब ईल, जिला बऱ्याच ठिकाणी अहिर म्हणतात, ती जाते. पण तिचं उलटं, मोठी झाल्यावर अंडी घालायलाच समुद्रात जाते. युरोपातल्या ईलचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय. सगळ्या युरोपातल्या ईल अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात जमतात. २००१ मध्ये एका अभ्यासानं सांगितलं की त्यातही गट आहेत, मग २००५ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की तो फरक जागेचा नसून वर्षावर्षाचा होता, आणि २०११ मध्ये थेट सार्गासोतली पिल्लं तपासून सगळ्यांचा एकच गट असल्याचं दिसलं. वर पुण्याच्या ताईंना वर्षांबद्दल सांगितलं ते याच्यासाठी.

प्रश्न: एक थेट प्रश्न. पिल्लं कुठूनही येतात, कुठल्याही नदीत जातात, मग एखाद्या नदीवर धरण बांधलं किंवा पाणी उचललं तर बिघडलं काय? दुसऱ्या नदीतून येतीलच की. मी इंजिनीअर आहे, रागावू नका. (छत्रपती संभाजीनगर)

रागावत नाही, उलट हा प्रश्न खरोखर मीटिंगमध्ये विचारला जातो, आणि "जनुकीय फरक नाही" हे वाक्य त्याच्या पुष्ट्यर्थ वापरलं जातं, म्हणून तर वर एवढं दळण दळलं.

येतील, पण कोणीतरी पाठवली तर. प्रत्येक नदी घेणारीही असते आणि देणारीही. धरणानं किंवा उपशानं तुमच्या नदीची पिल्लं समुद्रापर्यंत पोचत नसतील, तरी दुसरीकडची पिल्लं तुमच्या नदीच्या तोंडाशी येत राहतात, काही वर्षं मासे दिसत राहतात आणि सगळे म्हणतात बघा काही झालं नाही. तुमची नदी आता फक्त घेते, देत नाही. अशा दहा नद्या झाल्या की अकराव्या नदीतल्या माशांची गळती सुरू होते जिथे कोणी धरण बांधलेलंच नाही. आणि एफएसटी? तो शेवटपर्यंत शून्याजवळच राहील, कारण त्याला दहा पाहुणेही पुरतात.

तरी एक चांगली बाजू आहे ती लपवत नाही. सॅल्मनची नदी एकदा रिकामी झाली की तिचे मासे परत यायला फार वेळ लागतो कारण दुसरे आपापल्या घरी जातात. ओओपूला घर नाही, त्यामुळे पाणी परत सोडलं तर पिल्लं स्वतःहून येतात, हॅचरी लागत नाही. हवाईच्याच माउई बेटावर शंभर-दीडशे वर्षांपासून उसासाठी ओढ्यांचं पाणी वळवलं होतं, तिथला शेवटचा मोठा मळा २०१६ मध्ये बंद पडला आणि २०१८ मध्ये पूर्व माउईच्या बऱ्याच ओढ्यांचं पाणी परत सोडायचा आदेश निघाला. तिथे कोणाला मासे नेऊन सोडायची गरज नाही, पाणी डोंगरापासून समुद्रापर्यंत सलग राहिलं पाहिजे एवढंच. सलग महत्त्वाचं, मधे शंभर मीटर कोरडे दगड असले तर वरून येणारं मिलिमीटरभर पिल्लू तिथेच वाळतं.

आणि तुम्ही इंजिनीअर आहात म्हणून तुमच्या कामाची गोष्ट. पोर्टो रिकोमध्ये एस्पिरितु सांतो नदीवर पिण्याच्या पाण्यासाठी बंधारा आणि उपसा आहे, तिथे समुद्रात जाणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांवर १९९९ मध्ये अभ्यास छापला गेला. कोळंबीचा जीवनक्रम याच माशांसारखा. वाहत येणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी ४२ टक्के थेट उपशाच्या पाइपात जात होती, आणि नदीला पाणी कमी असेल तेव्हा सगळीच्या सगळी. पण ही पिल्लं दिवसभर सारखी वाहत नाहीत, अंधार पडल्यावर पहिल्या काही तासांत त्यांची गर्दी होते. म्हणून त्यांनी हिशोब करून दाखवला की संध्याकाळचे तीन ते पाच तास पंप थांबवले तर मरणारी पिल्लं निम्म्याहून खाली येतात. टाकी मोठी ठेवायची, पंपाचं वेळापत्रक बदलायचं, खर्च फार नाही, तुम्हीच सांगा किती येईल ते.